एका जाहिरातीचा खटला

शाळेच्या व्हरांड्यात भित्तिपत्रक लावण्याची प्रथा आता बहुतेक ठिकाणी लोपत चालली आहे. परंतु सीमाभागातील आमच्या सरकारी मराठी शाळेने ती अद्याप टिकवून धरली आहे. गेल्या पावसाळ्यात नववीच्या एका विद्यार्थिनीने त्या पत्रकात लिहिले, की शाळेतील पिण्याच्या पाण्याची टाकी तीन महिन्यांत एकदाही धुतली गेलेली नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या समितीतील एका सदस्यांचा आक्षेप आमच्या मेजावर येऊन पडला. आम्ही नोंदवही काढून पाहिली. टाकी सात आठवड्यांपूर्वी धुतल्याची नोंद तीत स्पष्ट होती. मजकूर असत्य ठरला. आम्ही पत्रक उतरविले आणि मुलीला बोलावून लेखी माफी मागण्यास सांगितले. ती रडली नाही, वादही घातला नाही. एवढेच म्हणाली, "सर, तीन महिने लिहिलं ते माझं चुकलं. पण टाकीत शेवाळ आहे, ते तर खरं आहे ना?"

आम्ही तिला वर्गात जाण्यास सांगितले. उत्तर दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते.

पुढे संविधानदिनाच्या व्याख्यानाची तयारी करीत असताना अमेरिकेतील एका खटल्याचा वृत्तान्त आम्ही सविस्तर वाचला. नाव पूर्वी ऐकलेले होते. परंतु त्यातील तपशील वाचताना आम्ही चपापलो. जो प्रश्न त्या मुलीने आम्हास विचारला होता, नेमका तोच प्रश्न १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींसमोर होता. त्यांनी त्याचे उत्तर दिले होते. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

दोन शब्द, दोन अर्थ

अमेरिकन राज्यव्यवस्थेच्या अभ्यासात दोन शब्द नेहमी जोडीने येतात: नागरी स्वातंत्र्ये आणि नागरी हक्क. सामान्य बोलण्यात आपण ते एकाच अर्थाने वापरतो; पण त्यांत भेद आहे. सरकारने काय करू नये हे सांगतात ती नागरी स्वातंत्र्ये. नागरिकाच्या तोंडाला कुलूप घालू नये, त्याचा छापखाना बंद करू नये, त्याची सभा उधळू नये. १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत जी पहिली दुरुस्ती झाली, तिने धर्म, भाषण, मुद्रण, सभा आणि गाऱ्हाणे मांडणे या पाच गोष्टींना असे संरक्षण दिले. उलट, सरकारने काय केले पाहिजे हे सांगतात ते नागरी हक्क. वर्ण, वंश वा लिंग पाहून माणसामाणसांत भेद होऊ नये, आणि कोणी तो करीत असेल तर सरकारने त्याला आवर घालावा, ही त्यांची मागणी. त्यांचे मूळ यादवी युद्धानंतर १८६८ साली स्वीकारलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे.

पहिल्या प्रकारात सरकारचा हात मागे घ्यायचा असतो, दुसऱ्यात तो पुढे करायचा असतो. म्हणून हे दोन विषय पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. परंतु प्रत्यक्ष जीवनात एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला समता मागता येत नाही, हे सत्य ज्या खटल्याने उघड केले, तो खटला एका जाहिरातीवरून उभा राहिला.

एक पान, काही चुका

१९६० सालच्या आरंभीची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे असत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील हा भेद घटनाबाह्य ठरविला होता. पण निकाल कागदावर राहिला होता. अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी येथे १९५५-५६ साली कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकून आपली जिद्द जगाला दाखविली, आणि त्या लढ्यातून मार्टिन ल्यूथर किंग हे तरुण धर्मोपदेशक पुढे आले. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या फळीवर जाऊन शांतपणे बसले, आणि ते लोण दक्षिणेत सर्वत्र पसरले. त्याच महिन्यात अलाबामा सरकारने किंग यांच्यावर प्राप्तिकराच्या विवरणात खोटी शपथ घेतल्याचा आरोप ठेवला. तो खटला चालविण्यास पैसा हवा होता.

म्हणून किंग यांच्या पाठीराख्यांच्या एका समितीने २९ मार्च १९६० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली. दक्षिणेतून उठणारे हे आवाज ऐका, अशा आशयाचा तिचा मथळा होता. दक्षिणेतील विद्यार्थ्यांवर आणि किंग यांच्यावर कसा जुलूम चालला आहे याचे वर्णन, आणि खाली मदतीचे आवाहन. सही करणाऱ्यांत एलिनॉर रूझवेल्ट, क्रीडापटू जॅकी रॉबिन्सन, नट सिडनी पॉइटिए अशी नामांकित मंडळी होती. शिवाय दक्षिणेतील काही कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची नावेही त्यांना न विचारता घातली गेली.

त्या मजकुरात चुका होत्या. माँटगोमेरीच्या विद्यार्थ्यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर एक देशभक्तिपर गीत गायिल्याचे छापले होते. त्यांनी गायिले होते ते राष्ट्रगीत. पोलिसांनी महाविद्यालयाला वेढा घातल्याचे छापले होते. पोलीस मोठ्या संख्येने आले होते, पण वेढा घातला नव्हता. विद्यार्थ्यांना उपाशी ठेवण्यासाठी भोजनगृहाला कुलूप ठोकल्याचे छापले होते. तसे घडले नव्हते. किंग यांना सात वेळा अटक झाल्याचे छापले होते. ती चारच वेळा झाली होती. 'टाइम्स'ने मजकूर छापण्यापूर्वी आपल्याच कचेरीतील जुनी कात्रणे चाळली असती, तर यांतील काही चुका टळल्या असत्या.

पण किंग यांच्या घरावर बाँब पडला होता, हे खरे होते. विद्यार्थ्यांना महाविद्यालयातून काढून टाकले होते, हेही खरे होते. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात जाऊन खाद्यपदार्थ मागितले होते. टाकीत शेवाळ होते, वाचकहो. फक्त महिने चुकले होते.

पाच लाखांचा दंड

माँटगोमेरी शहराच्या पोलीस खात्यावर देखरेख करणारे आयुक्त होते एल. बी. सलिव्हन. जाहिरातीत त्यांचे नाव कोठेही नव्हते. तथापि पोलिसांवर टीका म्हणजे आपल्यावरच टीका, असे म्हणून त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'वर आणि चार कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. राल्फ अॅबरनेथी, फ्रेड शटल्सवर्थ, एस. एस. सी आणि जोसेफ लावरी हे ते चौघे. जाहिरातीत आपले नाव आहे, हेही त्यांना आधी ठाऊक नव्हते.

अलाबामाचा कायदा कठोर होता. मजकूर शब्दशः खरा असल्याचे सिद्ध करा, नाही तर भरपाई द्या. ज्याची अब्रू गेली असे म्हणायचे, त्याने आपले प्रत्यक्ष काय नुकसान झाले हे दाखविण्याचीही गरज नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये तीन दिवस खटला चालला. ज्युरीने थोड्याच तासांत निर्णय दिला: मागितलेली सर्वच्या सर्व रक्कम, म्हणजे ५ लाख डॉलर. त्या दिवशीच्या 'टाइम्स'च्या सुमारे साडेसहा लाख प्रतींपैकी केवळ ३९४ प्रती अलाबामात गेल्या होत्या, आणि माँटगोमेरी परगण्यात तर अवघ्या ३५. मजकूर आपल्याला खरा वाटला, असे सांगणारा एकही साक्षीदार नव्हता. तरीही अब्रू पाच लाखांची गेली!

हा दावा एकटा नव्हता. त्याच जाहिरातीवरून शहराच्या महापौरांनी आणि राज्याच्या गव्हर्नरांनीही दावे लावले. त्याच सुमारास 'टाइम्स'चे बातमीदार हॅरिसन सॉल्झबरी यांनी अलाबामातीलच बर्मिंगहॅम शहरातील दहशतीचे वर्णन छापले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनीही तोच मार्ग धरला. वकिलांनी 'टाइम्स'ला सल्ला दिला, की बातमीदारांना काही काळ अलाबामात पाठवू नका. इकडे चारही धर्मोपदेशकांच्या मोटारी जप्त झाल्या. लाठी, कुत्री आणि तुरुंग यांनी जे साधले नव्हते, ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने साधू लागले. दक्षिणेत काय चालले आहे हे उरलेल्या देशाला कळूच द्यायचे नाही, एवढाच त्यातील हेतू.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा निर्घृण खून झाला, तेव्हा त्याच्या मातेने शवपेटी उघडी ठेवली आणि 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने ते छायाचित्र छापले. एका छायाचित्राने जे केले ते शंभर ठरावांनी झाले नव्हते. दक्षिणेतील राज्यकर्त्यांना भीती होती ती याच गोष्टीची.

नऊ न्यायमूर्तींचे उत्तर

अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दंड कायम केला. प्रकरण वॉशिंग्टनला पोहोचले आणि ९ मार्च १९६४ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने तो रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले. त्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतो.

पहिला मुद्दा जाहिरातीचा. पैसे देऊन छापलेला मजकूर म्हणून त्याचे संरक्षण काढून घेता येत नाही. ज्यांच्या मालकीचे वृत्तपत्र नाही, त्यांना आपले गाऱ्हाणे लोकांपुढे मांडण्याचा हा एक महत्त्वाचा मार्ग आहे. तो बंद केला, तर बोलण्याचा अधिकार छापखाने बाळगणाऱ्यांपुरताच उरेल.

दुसरा मुद्दा चुकांचा. मोकळ्या चर्चेत चुका अटळ असतात. प्रत्येक शब्द पुराव्यानिशी सिद्ध करता आला पाहिजे अशी अट घातली, तर माणसे खोटे बोलणे थांबवतील असे नाही; ती खरे बोलणेही थांबवतील. जे खरे आहे, पण न्यायालयात सिद्ध करता येईल की नाही याची धास्ती आहे, ते कोणी छापणारच नाही. भाषणस्वातंत्र्याला श्वास घेण्यापुरती जागा हवी.

तिसरा मुद्दा इतिहासाचा. १७९८ साली, पहिली घटनादुरुस्ती होऊन सात वर्षे झाली नाहीत तोच, अमेरिकन सरकारने राजद्रोहाचा कायदा केला होता. त्याखाली व्हर्माँटचे लोकप्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना चार महिन्यांचा तुरुंगवास घडला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. १८०१ साली तो कायदा संपुष्टात आला आणि जेफर्सन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. न्यायालयात त्या कायद्याची परीक्षा झाली नाही. इतिहासात मात्र तो नापास झाला. जे काम फौजदारी कायद्याला करू दिले नाही, ते दिवाणी दाव्याच्या आडून करू द्यायचे काय? अलाबामातील फौजदारी कायद्यानुसार होऊ शकणाऱ्या कमाल दंडाच्या हजारपट रक्कम येथे वसूल केली जात होती, ही विसंगती ब्रेनन यांनी दाखवून दिली.

आणि मग आला तो नियम, ज्यासाठी हा खटला ओळखला जातो. सार्वजनिक अधिकाऱ्याला आपल्या कामकाजावरील टीकेबद्दल भरपाई हवी असेल, तर त्याने हे सिद्ध केले पाहिजे, की लिहिणाऱ्याला मजकूर खोटा असल्याचे ठाऊक होते, किंवा तो खरा की खोटा याची त्याने बेदरकारपणे पर्वाच केली नाही. प्रामाणिक चूक ही शिक्षेला पात्र नाही. ब्लॅक, डग्लस आणि गोल्डबर्ग या तिघा न्यायमूर्तींना एवढेही बंधन मान्य नव्हते. अधिकाऱ्यांवरील टीका पूर्णपणे मुक्त असावी असे त्यांचे मत पडले.

परिणाम दूरवर झाला. त्याच वर्षी २ जुलै रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे शांततेने निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला. त्याची दृश्ये त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली, आणि ६ ऑगस्टला मतदान-हक्काचा कायदा मंजूर झाला. हे कायदे काही या निकालामुळे झाले नाहीत. ते रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी मिळविले. पण त्या माणसांच्या जखमा देशाने पाहाव्यात, यासाठी वृत्तपत्रांना लागणारी निर्भयता या निकालाने बळकट केली.

दुसरी बाजू

या निकालाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर आमचे लेखन एकांगी ठरेल. पुढे १९६७ साली हा नियम अधिकाऱ्यांपुरता न राहता सर्व सार्वजनिक व्यक्तींना लागू झाला. १९७४ साली न्यायालयाने खासगी व्यक्तींना अधिक संरक्षण दिले खरे. परंतु ज्याचे नाव समाजात परिचित आहे, त्याची खोट्या बातमीने धूळधाण झाली तरी लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू सिद्ध करणे त्याला फार अवघड जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती थॉमस यांनी २०१९ साली आणि न्यायमूर्ती गोरसच यांनी २०२१ साली या नियमाचा फेरविचार व्हावा असे मत नोंदविले. मोबाइलवरून क्षणात खोटे पसरते अशा काळात हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण प्रश्न असा, की शस्त्र कोणाच्या हाती द्यायचे? माँटगोमेरीत ते कोणाच्या हाती होते, हे आपण पाहिलेच.

आपल्या घरचे दाखले

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. १८८२ साली 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाविषयी लिहिताना तेथील कारभारी बर्वे यांच्या नावाची काही पत्रे प्रसिद्ध केली. ती बनावट निघाली. ऐन पंचविशीतील टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. पत्रे खोटी होती, यात शंका नाही. परंतु पुढल्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, ते महाराज तेव्हाच्या अहमदनगर येथे देखरेखीखाली असताना मृत्यू पावले. संपादकांचा पुरावा चुकला होता. त्यांची काळजी चुकली नव्हती.

दुसरा दाखला त्याच 'केसरी'ला उलट बाजूने लागू पडतो. १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. ज्यांना स्वतःचे पत्र नाही त्यांना जाहिरातीचे एक पानही किती मोलाचे असते, हे ब्रेनन यांच्या आधी चव्वेचाळीस वर्षे बाबासाहेबांनी अनुभवले होते. महाराष्ट्राबाहेर चार-सहा पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनाही, बहुसंख्यांच्या पत्रात आपला शब्द येण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात सलिव्हन निकालाचा आधार घेतला, आणि अधिकाऱ्यांच्या कामकाजावरील टीकेबद्दल भरपाईच्या दाव्यांना साधारण तसाच नियम लावला. तथापि अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा आपल्याकडे कायम आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्याचे कलम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची असू शकते.

आता आमच्या व्हरांड्याकडे वळू. अमेरिकेच्या न्यायमूर्तींची तुलना आमच्या शाळेतील एका टाकीशी करावी, हे काहींना हास्यास्पद वाटेल. पण स्वातंत्र्य मोठ्या इमारतींत शिकविले जात नाही. ते जेथे प्रथम हिरावले जाते, तेथेच प्रथम शिकावे लागते. त्या मुलीने खोटे ठाऊक असून लिहिले होते काय? नाही. तिने बेपर्वाई केली होती काय? तिने तीन मैत्रिणींना विचारले होते. नोंदवही आमच्या कपाटात कुलूपबंद होती, ती तिला कोण दाखविणार? आणि आम्ही काय केले? चूक दाखविण्याच्या निमित्ताने गाऱ्हाणेच उतरवून ठेवले. सलिव्हनसाहेबांनी याहून निराळे काय केले होते?

संविधानदिनाच्या आदल्या दिवशी आम्ही टाकी उपसवून घेतली. तळातून शेवाळाचे दोन घमेले भरून निघाले. मग त्या मुलीला बोलावून भित्तिपत्रक तिच्या हाती दिले आणि ते पुन्हा लावण्यास सांगितले. "माफीचं पत्र अजून लिहिलेलं नाही, सर," ती चाचरत म्हणाली. ते आता लिहावयाचे नाही, फक्त चुकीची दुरुस्ती लिहावयाची, असे आम्ही सांगितले. तिने मूळ मजकुराखाली सुवाच्य अक्षरात लिहिले: टाकी सात आठवड्यांपूर्वी धुतल्याची नोंद आहे, तीन महिने हा आकडा चुकीचा होता. त्याखाली आम्ही आमच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: टाकी आज धुतली, तळाशी शेवाळ होते, हे पत्रक उतरविणे ही मुख्याध्यापकांची चूक होती. खाली सही केली.

समितीचे ते सदस्य दुसऱ्या दिवशी आले, चष्मा लावून त्यांनी तिन्ही मजकूर वाचले, आणि काही न बोलता टाकीकडे गेले. झाकण उघडून त्यांनी आत डोकावले. नोंदवही आता कपाटात नसते. ती टाकीशेजारच्या खुंटीला दोरीने बांधलेली असते.